पद्म पुरस्कारासाठी नाव सुचवताना: पहिल्या कागदापासून शेवटच्या क्लिकपर्यंत

पाड्यावर तीस-चाळीस वर्षं शाळा चालवणाऱ्या बाई, दशावतारातले म्हातारे कलावंत, गावाचं पाणी परत आणणारा माणूस. अशा व्यक्तीबद्दल गावात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "यांना पद्मश्री मिळायला हवी." असं म्हणणारे पुष्कळ असतात, पण नामांकन भरायला बसणारं कुणी नसतं. मंत्र्याची ओळख लागते, दिल्लीत कुणीतरी लागतं, असा समज पक्का झालेला आहे. प्रत्यक्षात कोणताही नागरिक कुणाचंही नाव सुचवू शकतो, स्वतःचंसुद्धा. नामांकन ऑनलाइन भरायचं असतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. लागते ती मेहनत, आणि तीही नेमक्या जागी. बरीच नामांकनं ज्या जागी कच्ची राहतात, तिथे या लेखात जास्त वेळ थांबलो आहोत.

१. आधी सन्मान नीट समजून घ्या

भारतरत्न आणि पद्म पुरस्कार दोन्ही १९५४ साली सुरू झाले, पण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. भारतरत्नासाठी नामांकनाचा फॉर्म नसतो. पंतप्रधान थेट राष्ट्रपतींकडे शिफारस करतात आणि नियमानुसार वर्षाला साधारणपणे जास्तीत जास्त तीन सन्मान दिले जातात. तुम्ही-आम्ही नामांकन भरतो ते पद्म पुरस्कारांसाठी.

पद्मचे तीन स्तर आहेत. पद्मश्री विशेष उल्लेखनीय सेवेसाठी, पद्मभूषण उच्च कोटीच्या उल्लेखनीय सेवेसाठी आणि पद्मविभूषण असाधारण व उल्लेखनीय सेवेसाठी. पहिल्या वर्षी या तिघांना, सर्वोच्च स्तरापासून खाली, पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग अशीच नावं होती. आजची नावं जानेवारी १९५५ मध्ये आली.

पहिल्यांदाच नाव सुचवत असाल, तर पद्मश्रीचाच विचार करा. बाबा आमटेंना १९७१ मध्ये पद्मश्री आणि १९८६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. पु. ल. देशपांडे यांना १९६६ मध्ये पद्मश्री आणि १९९० मध्ये पद्मभूषण. वरचा सन्मान द्यायचा तर आधीच्या पद्म पुरस्काराला साधारणपणे किमान पाच वर्षं झालेली असावी लागतात. अगदी योग्य व्यक्ती असेल तर ही अट शिथिल होते. पाया पक्का असेल तर वरच्या पायरीचा विचार पुढे कधीही करता येतो.

स्पर्धेचा अंदाजही हवा. मरणोत्तर सन्मान आणि परदेशस्थ किंवा परदेशी नागरिकांचे सन्मान सोडले, तर एका वर्षात तिन्ही स्तर मिळून १२० पेक्षा जास्त पुरस्कार देता येत नाहीत. २०२५ च्या यादीत १३९ नावं होती. त्यात ७ पद्मविभूषण, १९ पद्मभूषण आणि ११३ पद्मश्री. देश केवढा आणि जागा किती, हे एकदा मनाशी ठेवलं की नामांकनातल्या प्रत्येक ओळीची किंमत कळते.

२. पात्रता तपासा, नाहीतर सगळी मेहनत वाया

वंश, व्यवसाय, हुद्दा किंवा लिंग यांवरून कुणालाही वगळलेलं नाही. शिक्षणाची अट नाही. तरीही चार ठिकाणी लोक अडतात.

सरकारी नोकरी. सेवेत असलेले सरकारी कर्मचारी पात्र नसतात. सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारीही त्यात आले. डॉक्टर आणि वैज्ञानिक यांना मात्र सूट आहे. आदिवासी भागात काम करणारे सरकारी डॉक्टर चालतील, पण त्याच गावातले कर्तबगार ग्रामसेवक सेवेत असेपर्यंत चालणार नाहीत. त्यांच्यासाठी निवृत्तीपर्यंत थांबा आणि तोवर कागद जमवत राहा.

संस्था. पद्म पुरस्कार व्यक्तीला मिळतो, संस्थेला नाही. ट्रस्टच्या नावाने नामांकन करू नका. नवरा-बायकोने मिळून उभं केलेलं काम असेल, तर दोघांना मिळून सन्मान दिल्याचीही उदाहरणं आहेत. मेळघाटातल्या बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली ती अशीच, जोडीने. अशा कामात एकाचंच नाव पुढे करून दुसऱ्याला "सहकार्य लाभले" या दोन शब्दांत गुंडाळू नका. हे "दुसरं" बहुतेक वेळा बायको असते.

हयात नसलेली व्यक्ती. सर्वसाधारणपणे मरणोत्तर पुरस्कार दिला जात नाही. अत्यंत योग्य व्यक्तीबाबत आणि निधन अलीकडचं, म्हणजे प्रजासत्ताक दिनाआधीच्या साधारण वर्षभरातलं असेल, तर विचार होऊ शकतो. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या गुरुजींसाठी भावना कितीही खरी असली, तरी हा रस्ता नाही.

परदेशातले मराठी लोक. अनिवासी भारतीय, भारतीय वंशाचे परदेशी नागरिक आणि परदेशी व्यक्तीही पात्र आहेत, शिवाय १२० च्या मर्यादेत ते मोजले जात नाहीत. परदेशात मराठी शाळा किंवा भारतीय संगीताचं शिक्षण वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांचं नाव तिथल्या मंडळांनी जरूर सुचवावं.

यानंतर स्वतःला एक कठीण प्रश्न विचारा: या व्यक्तीसाठी पद्म हाच योग्य सन्मान आहे का? वर्गात प्रयोग करणाऱ्या, अजून नोकरीत असलेल्या शिक्षिकेसाठी राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार आहे. तो ५ सप्टेंबरला दिला जातो. त्यासाठी शिक्षकाने स्वतः अर्ज भरायचा असतो. चाळिशीच्या आतल्या गायक, वादक, नर्तक किंवा नाट्यकलावंतासाठी संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार आहे. १८ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार आहे.

आणि म्हातारपणी हातातोंडाची गाठ पडत नाही म्हणून कुणी कलावंतासाठी पद्मश्री मागत असेल, तर त्याला आधी राज्य शासनाच्या वृद्ध कलावंत मानधन योजनेकडे न्या. पद्म पुरस्काराबरोबर रोख रक्कम, पेन्शन, रेल्वे किंवा विमान प्रवासात सवलत, यांपैकी काहीही मिळत नाही. घरच्यांना हे पहिल्या भेटीतच सांगा. आशा लावून नंतर सांगणं फार क्रूर ठरतं.

३. क्षेत्र निवडा

फॉर्ममध्ये एक क्षेत्र निवडायचं असतं: कला, समाजकार्य, सार्वजनिक जीवन, विज्ञान व अभियांत्रिकी, व्यापार व उद्योग, वैद्यक, साहित्य व शिक्षण, नागरी सेवा, क्रीडा आणि इतर. पत्रकारिता, अध्यापन, साक्षरता आणि शिक्षणातल्या सुधारणा "साहित्य व शिक्षण" मध्ये येतात. चित्रपट, नाटक, संगीत, चित्र, शिल्प, छायाचित्रण हे सगळं कलेत. "इतर" हा शब्द वाचून लोक बिचकतात, पण त्यात बिचकण्यासारखं काही नाही. राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये देशी बियाण्यांच्या जतनासाठी पद्मश्री मिळाली, ती "इतर" मधल्या शेती या उपक्षेत्रात. वन्यजीव रक्षण आणि भारतीय संस्कृतीचा प्रसारही इथेच येतो.

ज्यांचं काम दोन क्षेत्रांत आहे, त्यांच्याबद्दल एक कसोटी वापरा. ते काम थांबलं तर कुणाचं काय बंद पडेल? चित्रकथीचे, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याचे, खेळ करणारे आणि त्यासाठी संग्रहालय उभारणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ चा सन्मान कलेसाठी मिळाला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ चा, तोही कलेसाठी. मल्लखांबपटू घडवणारे उदय देशपांडे २०२४ मध्ये क्रीडा क्षेत्रात होते. समाजावर परिणाम झाला म्हणून काम समाजकार्यात ढकलायचं नाही. ज्या कौशल्यावर माणूस उभा आहे, तेच क्षेत्र निवडा.

४. त्या व्यक्तीशी बोला, आणि ऐका

नामांकन गुपचूप भरून "सरप्राइज" द्यायची हौस अनेकांना असते. ते टाळा. जन्मतारीख, पत्ता, आधीचे सन्मान यांत चुका होतात. शिवाय पुरस्कार घ्यायचाच नाही, अशी त्या व्यक्तीची ठाम भूमिका असू शकते. ती आधीच कळलेली बरी.

किमान दोन बैठका ठेवा, मध्ये आठवडाभराचं अंतर ठेवून. पहिल्या बैठकीत बहुतेक लोक नम्रपणे म्हणतात, "मी काय केलं, सगळ्यांनी मिळून केलं." दुसऱ्या बैठकीत आठवणी वर येतात. "तुमच्या कार्याविषयी सांगा" असं विचारलंत तर भाषण ऐकायला मिळेल. त्याऐवजी असे छोटे प्रश्न विचारा:

पहिल्या दिवशी किती मुलं आली होती? कुठे बसवलंत?
त्याआधी ही मुलं दिवसभर काय करायची?
पैसे कुठून आणलेत? कधी पूर्ण बंद पडलं होतं का?
तुमच्याकडे शिकलेले आज कुठे आहेत? पाच नावं सांगा.
तुमचं बघून दुसऱ्या कुणी असंच काम सुरू केलं का?

शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात मोलाचे. निवडीच्या निकषांत नुसत्या प्रावीण्यापेक्षा जास्त काहीतरी मागितलेलं आहे, आणि कामात सार्वजनिक सेवेचा अंश हवा असं स्पष्ट म्हटलं आहे. उत्तम गाणाऱ्या बुवांपेक्षा, उत्तम गाऊन चाळीस जणांना घडवणाऱ्या बुवांचं नामांकन भक्कम होतं. ती चाळीस माणसं कुठे आहेत, हे तुम्हालाच शोधून काढावं लागेल.

त्या व्यक्तीबरोबर काम केलेल्या दोघा-तिघांना स्वतंत्रपणे भेटा. वर्षं आणि आकडे यांत फरक पडतोच. फरक पडला तर कागद शोधा. कागद नसेल तर लहान आकडा लिहा. मोठा आकडा खोटा ठरला, तर बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

५. कागद जमवा

याला दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून फॉर्म सुरू होण्याची वाट बघू नका. जमवायचे ते असे:

ओळख आणि जन्मतारखेचा पुरावा. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आणि आधार.
सध्याचा पत्ता, मोबाइल नंबर आणि अलीकडचा स्वच्छ फोटो.
कामाचा कालक्रम. एका पानावर, वर्षानुसार.
आधीचे सन्मान. देणारी संस्था, वर्ष आणि सन्मानपत्राची प्रत.
संस्था असेल तर नोंदणी क्रमांक, वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण अहवाल.
कलावंत असतील तर आकाशवाणी किंवा दूरदर्शनची करारपत्रं, कार्यक्रमपत्रिका, ध्वनिमुद्रणांची यादी.
लेखक किंवा शिक्षणतज्ज्ञ असतील तर पुस्तकांची यादी, प्रकाशक आणि वर्षासह.
वर्तमानपत्रांची कात्रणं.

यात तीन सापळे आहेत.

पहिला सापळा जन्मतारखेचा. जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही तारीख टाकलेली असते. घरचे मात्र वाढदिवस तिथीने, वेगळ्याच दिवशी करतात. फॉर्ममध्ये कागदावरचीच तारीख लिहा. दोन सरकारी कागदांवर दोन तारखा असतील, तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

दुसरा नावाचा. कलावंत रंगमंचावरच्या नावाने ओळखले जातात आणि आधारवर नाव वेगळं असतं. शिवाय इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक प्रमाणपत्रावर निराळं. अधिकृत नाव एकच धरा, सगळीकडे तेच ठेवा आणि "या नावाने परिचित" असा उल्लेख मजकुरात एकदाच करा.

तिसरा कात्रणांचा. फायलीत जपलेल्या कात्रणाचा फोटो छान असतो, पण वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख कात्रीत गेलेली असते. अशा कात्रणाने काहीच सिद्ध होत नाही. जिल्हा ग्रंथालयात किंवा वर्तमानपत्राच्या कार्यालयात जुने अंक पाहून मूळ पान शोधा आणि शीर्षपट्टीसह त्याचा फोटो घ्या. दिवसाउजेडी, पान सपाट ठेवून, बरोबर वरून. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोतली अक्षरं छापल्यावर वाचता येत नाहीत.

पन्नास कात्रणं जोडायचा मोह आवरा. सात-आठ पुरे. त्यातलं प्रत्येक कात्रण मजकुरातल्या एखाद्या दाव्याला आधार देणारं हवं. सत्कार समारंभांचे फोटो, शाल-श्रीफळ, पुढाऱ्यांच्या शेजारी उभं असलेलं छायाचित्र, हे सगळं बाजूला ठेवा. काम चालू असतानाचा एक फोटो त्या सगळ्यांना भारी पडतो.

६. आठशे शब्द

सगळं नामांकन इथे ठरतं. फॉर्मबरोबर वर्णनात्मक मजकूर द्यायचा असतो, जास्तीत जास्त ८०० शब्दांचा. त्या व्यक्तीची असाधारण कामगिरी त्यातून स्पष्ट दिसली पाहिजे. वाचणारे लोक तुमच्या तालुक्यातले नाहीत. त्यांना पाडा म्हणजे काय, झाडीपट्टी कुठे आहे, दशावतार रात्रभर चालतो की दोन तास, हे माहीत असेलच असं धरून चालू नका.

आधी मराठीत लिहा, कारण विचार तुमच्या भाषेतच स्वच्छ होतो. समिती देशभरातून आलेला मजकूर वाचते, म्हणून नंतर इंग्रजीत किंवा हिंदीत न्या. पण मराठी मसुदा ५०० शब्दांच्या आसपास थांबवा. "शाळेत न जाणाऱ्या मुलींसाठी" हे मराठीत चार शब्द आहेत. "फॉर गर्ल्स हू डिड नॉट गो टू स्कूल" हे इंग्रजीत आठ होतात. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, इंग्रजीत ते सुटे होतात. ८०० शब्दांचा मराठी मजकूर भाषांतरानंतर हजार-अकराशेच्या पुढे जातो. मग घाईत कापाकापी होते आणि नेमके आकडेच गळतात.

आता भाषेबद्दल. समजा, एका दशावतारी कलावंताबद्दल कच्च्या मसुद्यात असं वाक्य आहे:

"त्यांनी आपले संपूर्ण आयुष्य कलेसाठी वाहून घेतले असून त्यांचे कार्य नव्या पिढीसाठी दीपस्तंभासारखे आहे."

हे वाक्य कुणाच्याही सत्कारात चालतं. नाव बदला, तरी तसंच राहतं. म्हणून ते काढून टाका. त्याच्या जागी असं लिहिता येईल:

"गेली ४२ वर्षे ते दशावतारात काम करतात. पावसाळ्यात नाटके बंद असतात, त्या चार महिन्यांत १९९८ पासून ते घरी मुलांना विनामूल्य शिकवतात. त्यांच्याकडे शिकलेले ११ जण आज वेगवेगळ्या मंडळांत आहेत. कुणी करत नसलेली ६ आख्याने त्यांनी जुन्या कलावंतांकडून ऐकून लिहून काढली."

यात स्तुतीचं एकही विशेषण नाही, तरी माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रत्येक वाक्यामागे कागद किंवा साक्षीदार आहे. तुमच्या मसुद्यातल्या "महान", "थोर", "अद्वितीय", "निःस्वार्थ", "अविरत" या शब्दांवर रेघ मारा. त्या शब्दामागे काय घडलं होतं, ते तिथे लिहा.

अंतिम ८०० शब्दांची वाटणी साधारण अशी करा. पहिले शंभर शब्द: कोण, कुठे, किती वर्षं आणि काय. तेवढं वाचूनच सगळं कळलं पाहिजे. जन्म, बालपण आणि गरिबी यांनी सुरुवात करू नका. त्यांना एक-दोन वाक्यं पुरतात, आणि तीही कामाशी संबंध असेल तरच. पुढचे तीनशे शब्द कामाचे: ते कसं चालतं, कोणत्या पद्धतीने, कोणत्या साधनांनी. त्यानंतर अडीचशे शब्द परिणामांचे: आधी काय होतं, आता काय आहे, किती जणांच्या आयुष्यात फरक पडला. उरलेल्यात अडचणी, इतरांनी केलेलं अनुकरण आणि आधीचे सन्मान. सन्मानांची यादी फॉर्ममध्ये स्वतंत्रपणे जाते. मजकुरात दोन महत्त्वाचे पुरेत.

व्यक्तीचं काम आणि संस्थेचं काम वेगळं करून लिहा. "संस्थेच्या १२ शाळा आहेत" एवढ्याने काही कळत नाही. त्या १२ पैकी कोणत्या त्यांनी स्वतः उभ्या केल्या, कोणता निर्णय त्यांचा होता, ते सांगा. मोठ्या शिक्षण संस्थांच्या संचालकांच्या नामांकनात ही चूक फार दिसते. इमारती मोजलेल्या असतात, माणूस कुठेच दिसत नाही.

मजकूर झाला की ज्याला त्या व्यक्तीबद्दल काहीही माहीत नाही अशा कुणाला वाचायला द्या. वाचून झाल्यावर कागद काढून घ्या आणि विचारा, "काय आठवतंय?" त्याला तीन ठोस गोष्टी सांगता आल्या नाहीत, तर पुन्हा लिहा.

७. पोर्टलवर भरणं

नामांकनं फक्त ऑनलाइन स्वीकारली जातात, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर. पत्ता आहे अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन. पोस्टाने पाठवलेल्या फायलीवर विसंबू नका.

मुदतीबद्दल सावध राहा, कारण ती बदललेली आहे. पूर्वी नामांकनं १ मे ते १५ सप्टेंबर या काळात घेत असत. २०२६ च्या पुरस्कारांसाठी ती १५ मार्च २०२५ ला सुरू झाली आणि ३१ जुलै २०२५ ही शेवटची तारीख जाहीर झाली. अजूनही "सप्टेंबरपर्यंत वेळ आहे" असं सांगणारे भेटतात. त्यांच्यावर विसंबलात तर वर्ष हातचं जाईल. मार्चपासून दर आठवड्याला पोर्टल पाहा आणि त्या वर्षाची तारीख तिथूनच घ्या.

नोंदणी सुचवणाऱ्याने स्वतःच्या नावाने करायची असते, म्हणून तुमचं ओळखपत्र आणि चालू मोबाइल जवळ ठेवा. यादीत अनेक मंत्रालयांचे पुरस्कार दिसतात. त्यातून गृह मंत्रालयाचे पद्म पुरस्कार निवडा. सुचवणाऱ्याची माहिती आणि ज्यांचं नाव सुचवायचं त्यांची माहिती वेगवेगळ्या रकान्यांत असते. घाईत अदलाबदल होते, तेव्हा दोनदा तपासा.

मजकूर थेट फॉर्ममध्ये टाइप करू नका. आधी वेगळ्या फाइलमध्ये तयार ठेवा, शब्द मोजा, मग चिकटवा. चिकटवल्यावर अक्षरं किंवा परिच्छेद बिघडलेले नाहीत ना, ते वाचून पाहा. जोडायच्या फाइलींचा प्रकार आणि आकार पोर्टलवर लिहिलेला असतो. त्यानुसार त्या आधीच लहान करून ठेवा. शेवटचं बटण दाबण्याआधी मसुदा दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या, आणि पाठवल्यावर पोच व अर्जाची प्रत जपून ठेवा. शेवटचे दोन-तीन दिवस टाळा. इंटरनेट गेलं, ओटीपी आला नाही, एवढ्या साध्या कारणानेही मुदत चुकते.

राज्य सरकारांकडूनही केंद्राकडे शिफारसी जातात. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करून तिथेही माहिती देता येते, पण तुमचं ऑनलाइन नामांकन त्यावर अवलंबून ठेवू नका. आमदार-खासदारांची शिफारसपत्रं गोळा करण्यात महिने घालवू नका. एकाच मजकुराची शंभर नामांकनं गावभर भरून घेण्यातही अर्थ नाही, कारण शंभरांतून कळतं तेवढंच एकातूनही कळतं. वेगवेगळ्या माणसांना वेगळी बाजू माहीत असेल, तर त्यांनी आपापल्या शब्दांत भरावं.

"दिल्लीत आपला माणूस आहे, एवढे द्या, काम होईल" असं सांगणारा भेटला तर तिथेच बोलणं थांबवा. या प्रक्रियेत कुठेही शुल्क नाही.

८. पाठवल्यानंतर

नामांकनं पद्म पुरस्कार समितीपुढे जातात. ही समिती पंतप्रधान दरवर्षी नेमतात. मंत्रिमंडळ सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृह सचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा मान्यवर तिचे सदस्य असतात. समितीची शिफारस पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे मंजुरीसाठी जाते. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, २५ जानेवारीला यादी जाहीर होते.

मधल्या काळात तुमच्याकडे करण्यासारखं फार नसतं. त्या व्यक्तीचा फोन चालू राहील एवढं मात्र बघा. म्हाताऱ्या माणसांकडे अनोळखी नंबर न उचलण्याची सवय असते, त्यामुळे घरच्या एखाद्याचा नंबरही दिलेला असावा. आणि गावात आधीच बोभाटा करू नका. "नाव गेलंय" हे "मिळालंच" असं पसरतं, आणि जानेवारीत यादीत नाव नसलं की त्या व्यक्तीला ओशाळं व्हावं लागतं. तिने तर काही मागितलेलंही नसतं.

नाव आलं नाही तर पुढच्या वर्षी नव्याने भरा. तोच मजकूर पुन्हा चिकटवू नका. वर्षभरात काय भर पडली ते लिहा आणि सगळ्यात कच्चा वाटलेला परिच्छेद बदला.

९. नाव आलं तर

मार्च-एप्रिलच्या सुमारास राष्ट्रपती भवनात समारंभ होतो. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं. पदकाची छोटी प्रतिकृतीही दिली जाते. ती समारंभांत लावता येते.

इथे आपल्याकडची जवळजवळ सार्वत्रिक चूक सांगायलाच हवी. पद्मश्री ही पदवी नाही. संविधानाच्या कलम १८ ने पदव्या रद्द केलेल्या आहेत, आणि बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हे सन्मान त्या अर्थाने पदव्या नाहीत म्हणून वैध ठरवले. त्याच निकालात सांगितलं आहे की ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडायचे नाहीत. लेटरहेड, निमंत्रणपत्रिका, पुस्तकाचं मुखपृष्ठ, फ्लेक्स, कुठेही "पद्मश्री अमुक तमुक" असं छापू नये. नियमभंग झाला तर सन्मान काढून घेतला जाऊ शकतो. २६ जानेवारीच्या सकाळी गावात पहिला फ्लेक्स लागतो आणि त्यावर नेमकं हेच असतं. हेतू प्रेमाचा असतो, पण जबाबदारी येते ती त्या व्यक्तीवर.

म्हणून फ्लेक्स छापणाऱ्या मुलांना आदल्या रात्रीच मजकूर देऊन ठेवा: वर नुसतं नाव, आणि खाली वेगळ्या ओळीत "भारत सरकारतर्फे पद्मश्री पुरस्कार जाहीर झाल्याबद्दल अभिनंदन".